चार बाय तीन, आजच!

"आजपासून तोंडी कारभार बंद!" कामाच्या पहिल्याच दिवशी ठेकेदारांनी सगळ्यांना समोर उभं करून जाहीर केलं. "माझ्या साइटवर जे भिंतीवर लिहिलंय तेवढंच खरं. बोललेलं हवेत विरतं, लिहिलेलं राहतं. या पद्धतीत चूक होऊच शकत नाही!"

चूक होऊच शकत नाही असं माणूस ज्या क्षणी म्हणतो, त्या क्षणी चूक आपल्या घरी चपला शोधायला लागते. पण आमच्या ठेकेदारांना हे सांगायचं कोणी? उजव्या कानावर सुताराची जाड लाल पेन्सिल खोचलेली, आणि चेहऱ्यावर असा आनंद की जणू लिहिण्याची कला त्यांनीच आदल्या दिवशी शोधून काढली होती.

त्यांच्या या हट्टालाही कारण होतं. याआधी सख्ख्या आत्याच्या न्हाणीघराचं काम त्यांनी फोनवरून उरकलं होतं. "नळ जरा वर घे," एवढंच ते प्लंबरला म्हणाले. प्लंबरने तो इतका वर घेतला की बादली भरायला आत्याला स्टुलावर चढावं लागायचं! आत्याने बोलणं टाकलं आणि ठेकेदारांनी तोंडी कारभार टाकला.

आणि आताचं काम काही न्हाणीघराचं नव्हतं महाराजा! सव्वाशे वर्षांची, तीन मजल्यांची, कापडाची जुनी पेढी. बिडाचे खांब, पितळी पट्ट्यांचा लाकडी जिना, कापडाचे गठ्ठे वर ओढायचं छताला टांगलेलं भलंमोठं चाक. या सगळ्याला धक्का न लावता आत काचेची आधुनिक ऑफिसं करायची होती. मालकीणबाईंनी सुरुवातीलाच सरळ सांगितलं होतं, "पहिला मजला नमुन्यादाखल करा. जुन्या वास्तूंच्या खात्याच्या साहेबांनी पाहून सही केली, तर उरलेले दोन मजलेही तुमचे. नाही केली, तर नमस्कार."

नमस्कार म्हणजे पुन्हा गळक्या टाक्या, तुंबलेल्या मोऱ्या आणि चढलेले नळ. दहा वर्षं तेच करून ठेकेदार कंटाळले होते. या एका सहीवर त्यांचं सगळं पुढचं आयुष्य येऊन बसलं होतं, आणि ते त्यांनी बायकोपासून ते पेपरवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

आता खात्याचे साहेब. त्यांना कामावरची सगळी माणसं "हात-नका-लावू साहेब" म्हणत. कारण आले की त्यांचं पहिलं वाक्य तेच. खांबाला? हात लावू नका. जिन्याला? हात लावू नका. एकदा एका कोपऱ्यातलं जळमट काढायला निघाल्यावरही ते म्हणाले, "थांबा, हात लावू नका, किती जुनं आहे बघू दे!" माणूस मनाने चांगला, पण जुन्या विटेला ओरखडा निघाला तर घरी जेवायचा नाही, असा त्यांचा लौकिक.

तर पद्धत अशी होती. ठेकेदार फिरता फिरता भिंतीवर लाल पेन्सिलने लिहीत जायचे. "इथे प्लग." "इथून वायर वर." "या खांबाला रंग नको." खाली एक रेघ असली तर जमेल तेव्हा करायचं, आणि दोन रेघा असल्या तर हातातलं टाकून आधी ते. काम झालं की वरून रंग मारला जायचा आणि सगळं लिखाण गडप! वही नको, कागद नको. हळूहळू ठेकेदारांना त्याची इतकी सवय झाली की ते भिंतीवर काहीही लिहायला लागले. फोननंबर, मेहुण्याच्या गाडीची वेळ, स्वतःच्या औषधाची आठवण.

आणि हे सगळं वाचून तंतोतंत पाळणारा एक माणूस होता, तो म्हणजे गवंडी. हाताला विलक्षण वेग आणि तोंडाला कुलूप. भिंतीवर एकदा "चारला गोळी" असं लिहिलेलं दिसलं, तर हा बरोबर चारला पाण्याचा तांब्या घेऊन ठेकेदारांपुढे हजर! कोणी विचारलंच, "अरे, कशाला करायचं ते विचारत तरी जा," तर त्याचं उत्तर ठरलेलं, "भिंतीला मी उलट प्रश्न करत नाही."

साहेब पाहणीला येणार होते त्या दिवशी ठेकेदार सकाळी सातलाच साइटवर पोचले. पहिला मजला असा चकाचक झाला होता की त्यांना स्वतःचाच हेवा वाटला. काचेच्या खोल्या, पायाखाली मऊ गालिचा आणि टोकाला मोठी बैठकीची खोली. तिची एक भिंत शेजारच्या इमारतीशी सामाईक होती, दीड हात जाडीची. तिला रंगाचा शेवटचा हात तेवढा बाकी होता. ठेकेदार तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून उभे असतानाच फोन वाजला. बायको!

"अहो, स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट वाळवीने खाल्ली. आत्ता झडपच हातात आली माझ्या!"

"आज नको गं, आज साहेब येतायत."

"तीन महिने ‘आज नको’च चाललंय! जगाची घरं बांधता आणि स्वतःच्या घरात बायको हातात झडप धरून उभी! मी टेपने माप घेतलंय, तुमच्या सुताराला द्या. लिहून घ्या बरं."

"लक्षात राहील."

"लिहा म्हणते ना! खिडकी, चार बाय तीन. जमिनीपासून साडेतीन फूट वर आहे, ओट्याच्या हिशेबाने. आणि आजच्या आज व्हायला हवं!"

ठेकेदारांनी कानावरची पेन्सिल काढली आणि समोर होती त्या भिंतीवर झोकात लिहिलं: खिडकी. ४ x ३. जमिनीपासून साडेतीन. आजच. बायकोचा आवाज अजून कानात घुमत होता, म्हणून त्याखाली नकळत दोन रेघाही ओढल्या. तेवढ्यात खालून कोणीतरी ओरडलं, "साहेब आले!" आणि ठेकेदार जिन्याकडे पळाले.

साहेब दारात उभे होते, पण डावा हात गालावर. चेहरा पिळून काढलेला.

"काय झालं साहेब?"

"दाढ! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मला काही सुचत नाहीये हो. पाहणी आपण पुढच्या आठवड्यात..."

पुढच्या आठवड्यात! मालकीणबाई दुपारी निकाल विचारायला येणार होत्या. पण अक्कलही वेळेला धावून येते, ती तशी आली. "अहो, शेजारच्या इमारतीत पहिल्याच मजल्यावर दाताच्या डॉक्टरीणबाई आहेत! दगडासारखी दाढ लोण्यातून सुरी काढावी तशी काढतात. चला, मीच घेऊन जातो. अर्ध्या तासात मोकळे व्हाल, मग प्रसन्न मनाने पाहणी!"

आणि आमचे ठेकेदार साहेबांना हाताला धरून घेऊन गेले. एवढंच नाही, तर दवाखान्यात बसलेल्या दोघांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवून साहेबांचा नंबर आधी लावला. स्वतःच्या हाताने त्यांना खुर्चीत बसवलं, त्यांचा चष्मा सांभाळायला घेतला आणि खुर्चीशेजारी सख्ख्या भावासारखे उभे राहिले.

डॉक्टरीणबाई कामाला चटपटीत होत्या. इंजेक्शन दिलं, पाच मिनिटं थांबल्या, कापूस कोंबला आणि म्हणाल्या, "आता अजिबात बोलायचं नाही. जीभ आणि गाल बधिर झालेत, चावाल स्वतःलाच." साहेबांनी मान हलवली. वरचा झगझगीत दिवा लागला.

ठक. ठक. ठक.

"हे तुमचंच काम ना?" डॉक्टरीणबाई भिंतीकडे बघून म्हणाल्या. "पण आज जरा जवळ वाटतंय."

"आमचंच," ठेकेदार अभिमानाने म्हणाले. साहेब ऐकतायत म्हटल्यावर त्यांनी आवाज थोडा चढवलाच. "खरं सांगतो बाई, आमची माणसं जुन्या वास्तूला तान्ह्या बाळासारखी जपतात. पलीकडच्या त्या भिंतीला तर मी कोणाला टेकूसुद्धा देत नाही!"

धाड!

भिंतीवरचं दातांचं मोठं चित्र एकदम पुढे झुकलं आणि खाली आलं. चित्राच्या जागेवरून एक वीट निसटली. तिच्यामागून दुसरी. मग धुळीचा एक मोठा लोट आला आणि डॉक्टरीणबाईंनी प्रसंगावधान राखून हातातला ट्रे साहेबांच्या तोंडावर झाकण ठेवावं तसा ठेवला. मग घाव नेमके आणि झपाझप पडायला लागले. बघता बघता भिंतीत एक काटकोनी, सुबक चौकोन उघडला आणि त्यातून पांढऱ्याफेक चेहऱ्याचा गवंडी आत डोकावला.

"साहेब, तुम्ही इथे आहात होय!" तो ठेकेदारांना म्हणाला. "आजच म्हणालात म्हणून हातातलं टाकून आधी हे घेतलं. चौकट लाकडी बसवायची का लोखंडी?"

ठेकेदार कधी त्या भोकाकडे बघत, कधी ट्रेखालून वर येणाऱ्या साहेबांकडे. साहेब खुर्चीत ताठ बसले होते. डोळे बशीएवढे झालेले, तोंडात कापूस, आणि दोन्ही हात भिंतीच्या दिशेने पंख्यासारखे फिरत होते. ते काहीतरी सांगायचा जिवापाड प्रयत्न करत होते. पण बाहेर येत होती फक्त वाफ.

"बोलायचं नाही म्हटलं ना!" डॉक्टरीणबाईंनी त्यांना खांद्याने दाबून पुन्हा आडवं केलं. "दाढ अर्धी हललीय. आता भिंत पडो नाहीतर छत, मी हिला बाहेर काढल्याशिवाय सोडत नाही!"

साहेबांनी पडल्या पडल्या पुन्हा हात हलवले. ठेकेदारांना त्याचा अर्थ स्वच्छ दिसला. बंद करा! आत्ताच्या आत्ता बंद करा!

"करतो साहेब! तासाभरात भिंत होती तशी!"

साहेबांचे हात आणखी जोरात हलले.

"अर्ध्या तासात!"

साहेबांनी पाय आपटले.

"बरं, वीस मिनिटांत! त्याच्या खाली मात्र गिलावा वाळत नाही हो साहेब!"

साहेबांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. हे शेवटचं म्हणायचं, असं समजून ठेकेदारांनी साहेबांचा चष्मा डॉक्टरीणबाईंच्या हातात कोंबला आणि जिन्याने जायला वेळ नको म्हणून सरळ त्या भोकातून उडी मारून आपल्या इमारतीत आले.

आले ते आधी भिंतीकडे वळले. सकाळच्या लिखाणातली खिडकी खिडकीतच गेली होती. भोकाखाली फक्त "आजच" तेवढं उरलं होतं, दोन रेघांसकट. आता कुठे ठेकेदारांच्या डोक्यात प्रकाश पडला आणि त्यांनी स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. तेवढ्यात फोन.

"अहो, माप दिलंत का सुताराला?"

"हो... म्हणजे... देतोच आहे."

"काय लिहिलंय, वाचून दाखवा बघू. तुमचा भरवसा नाही."

ठेकेदारांनी खिशातला टेप काढला आणि भोकाला लावला. आडवं चार. उभं तीन. जमिनीपासून साडेतीन. केसाचाही फरक नाही! "चार बाय तीन," ते मेल्या आवाजात म्हणाले, "जमिनीपासून साडेतीन."

"बघा! लिहून घेतलं की कसं नीट राहतं!" बायको खूश होऊन म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

"बंद कर हे!" ठेकेदार गवंड्यावर ओरडले. गवंडी हलला नाही.

"भिंतीवर लिहा."

"अरे माझ्या देवा! मी समोर उभा राहून सांगतोय ना!"

"तोंडी कारभार बंद आहे. तुम्हीच सांगितलंत."

ठेकेदारांनी दातओठ खात पेन्सिल काढली आणि हाताला लागला त्या खांबावर "बंद कर" लिहून खाली चार रेघा मारल्या. चार रेघा आजवर कोणी पाहिल्याच नव्हत्या! गवंड्याने थापी उचलली आणि मग जे काही झालं ते बघण्यासारखं होतं. सुतार विटा पुरवतोय, रंगारी मसाला कालवतोय, इलेक्ट्रिशियन पंखे आणून गिलावा वाळवायला लावतोय. विटेवर वीट चढत होती.

मध्येच गवंडी म्हणाला, "साहेब, एक सांगू का? ही भिंत दीड हात जाडीची, मला वाटलं संध्याकाळ होईल. पण इथे आत नुसत्या सुट्या विटा रचलेल्या होत्या. जणू कोणी मागाहून भरून टाकल्यात. आणि वरच्या अंगाला कोरीव दगडाची कमा..."

"गप्प! महिनाभर तोंड उघडलं नाहीस आणि आज गोष्टी सांगतोस? भर पटापट!"

गवंड्याने पुढची वीट उचलली. खरं तर त्या क्षणी ठेकेदारांनी दोन शब्द ऐकून घेतले असते, तर पुढचं रामायण टळलं असतं. पण घाईत असलेल्या माणसाला कान नसतात. शेवटच्या विटेच्या फटीतून खुर्चीतल्या साहेबांचे डोळे दिसत होते. ते डबडबलेले होते आणि आर्जव करत होते. "माफ करा साहेब, झालंच!" ठेकेदार त्या फटीतून म्हणाले आणि वीट बसली.

गिलावा झाला. तो अर्धवट ओला असतानाच त्यावर रंगही झाला. गालिचावरची धूळ झाडली, टेबल पुसलं, बैठकीच्या खोलीत भिंतीला लावून एक हिरव्या झाडाची कुंडीही ठेवली. तिने खालचं "आजच" झाकलं गेलं. ठेकेदार कुंडीशेजारी उभे राहिले आणि शर्टाने कपाळ पुसतायत तोच जिना करकरला.

साहेब आले. गाल पुरीसारखा फुगलेला, त्यावरून डोक्यापर्यंत बांधलेला पांढरा रुमाल, आणि हातात डॉक्टरीणबाईंचं औषध लिहायचं कागदाचं पॅड. ते कोणाकडे न बघता थेट भिंतीसमोर गेले. भिंत गुळगुळीत. त्यांनी उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. ठेकेदार छाती पुढे काढून म्हणाले, "आहे की नाही साहेब होती तशी? तेवीस मिनिटं!"

साहेबांनी पॅडवर काहीतरी खरडलं आणि कागद पुढे केला.

"कमान कुठे गेली?"

"कसली कमान?" ठेकेदारांचं हसू ओठांवरच वाळलं.

साहेबांनी दुसरा कागद लिहायला घेतला. "या दोन्ही इमारती पूर्वी एकच पेढी होती आणि मधे खिडक्या होत्या, असं मी वीस वर्षं सांगतो आहे. खात्यात सगळे हसतात. पुरावा मिळत नव्हता. आज खुर्चीत पडल्या पडल्या तो माझ्या डोळ्यांनी पाहिला. मी तुम्हाला ओरडून सांगत होतो, हात लावू नका! आणि तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत..." पुढचं लिहवेना. साहेब टेबलाच्या कडेवर बसले आणि रुमालाच्या टोकाने डोळे पुसायला लागले.

ठेकेदारांना एकदम भडभडून आलं. सही गेली, दोन मजले गेले ते गेलेच. पण एवढा मोठा माणूस आपल्यामुळे दाढ काढून आल्यावर रडतोय, हे त्यांना बघवेना. "साहेब, उठा. आत्ता उघडतो! फोड रे!"

गवंड्याने थापी खाली ठेवली आणि हाताची घडी घातली. "जुनी भिंत सांगाल तेवढी फोडीन. पण मी बांधलेली भिंत मी फोडत नाही. आमच्या घराण्यात कोणी फोडलेली नाही."

"अरे तेवीस मिनिटांत बांधलीस!"

"म्हणून काय झालं? माझीच आहे."

"लिहून देऊ का? पाच रेघा मारतो!"

"सात मारा. ओल्या भिंतीला हात लावणं म्हणजे पाप."

शेवटी ठेकेदारांनी बाह्या सरसावल्या आणि हातोडा स्वतः उचलला. गेली दहा वर्षं त्यांनी पेन्सिलीपेक्षा जड काही उचललं नव्हतं. पहिला घाव भिंतीवर पडला, दुसरा कुंडीवर आणि तिसरा अगदी थोडक्यात स्वतःच्या पायावर. पण मसाला ओला होता. वीट हलली, निघाली, आणि पलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "आता पुन्हा? अहो, एकदा काय ते ठरवा! माझा पुढचा पेशंट खुर्चीतून उठून पळाला!"

साहेब मात्र उठून उभे राहिले होते. ही जागा सापडली कशी, असं त्यांनी खुणेने विचारलं आणि गवंड्याने सकाळच्या लिखाणाचं सांगून टाकलं. एकेक वीट निघत होती तसतसा त्यांचा चेहरा उजळत होता. गवंड्याने फक्त बोटाने दाखवलं, "वर. थोडं डावीकडे." आणि गिलाव्याचा एक मोठा पोपडा गळून पडला. आत कोरीव दगडाची अर्धवर्तुळाकार कमान! दगडात फुलं, वेली, आणि मधोमध पेढीची जुनी कात्री कोरलेली. साहेबांनी दोन्ही हात वर केले आणि फुगलेल्या गालासकट स्वतःभोवती एक गिरकी घेतली.

नेमक्या त्याच गिरकीला मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी काय पाहिलं ते त्यांच्या जागी उभं राहून बघा. नवा कोरा गालिचा विटांनी भरलेला. कुंडीचे तुकडे. खांबावर लाल अक्षरांत "बंद कर". त्यांचा ठेकेदार घामाघूम होऊन स्वतःच रंगवलेली भिंत फोडतोय, खात्याचे साहेब रुमाल बांधून नाचतायत आणि भिंतीतल्या खिडकीतून एक अनोळखी बाई हातात चिमटा घेऊन बघतेय!

"हे काय चाललंय?" मालकीणबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या. त्यांनी आवाज हळू केला की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची.

ठेकेदारांनी हातोडा खाली ठेवला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "बाई, चूक माझी आहे. सकाळी मी या भिंतीवर..."

पण साहेब मध्ये आले. त्यांनी मालकीणबाईंच्या हातात कागद दिला. तो बाईंनी मोठ्याने वाचला. "हा माणूस अद्भुत आहे! वीस वर्षांत मला जी जागा सापडली नाही ती याने भिंतीवरून नजर फिरवून ओळखली. फोडण्याआधीच त्याने खिडकीची जागा आणि माप लिहून ठेवलं होतं!"

"खरं आहे हे?" मालकीणबाईंनी गवंड्याला विचारलं.

"हो तर. ठेकेदारसाहेबांनी सकाळीच लिहिलं होतं. खिडकी, चार बाय तीन, जमिनीपासून किती, सगळं. शिवाय खाली दोन रेघा. हे बघा, ‘आजच’ अजून आहे."

"अहो बाई, ऐका तरी!" ठेकेदार काकुळतीला आले. "माझं काही कर्तृत्व नाही त्यात! ते सगळं माझ्या बायकोने सांगितलं होतं! फोनवरून!"

मालकीणबाईंच्या भुवया वर गेल्या. "फोनवरून? इमारत न बघता?"

"अहो ती तिच्या स्वयंपाकघरातून..."

"स्वयंपाकघरात उभं राहून!" मालकीणबाई थक्क होऊन साहेबांकडे वळल्या. "ऐकलंत? आणि किती नम्र माणूस बघा. सगळं श्रेय बायकोला देतोय. नाहीतर आमचे हे!"

साहेबांनी पॅडवर भलं मोठं "धन्य!" लिहिलं आणि लगेच पाहणीच्या कागदावर सही ठोकली. डॉक्टरीणबाई खिडकीतून म्हणाल्या की, आता ही परत बुजवाल तर याद राखा, पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या दवाखान्यात दिवसाचा उजेड आलाय, फक्त दुधी काच तेवढी बसवा. आणि मालकीणबाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं, "उरलेले दोन्ही मजले तुमचे. उद्या सकाळी नवरा-बायको दोघेही या. वर अजून काय काय दडलंय, ते तुमच्याकडूनच शोधून घ्यायचंय."

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. ठेकेदार आनंदाने घरी गेले खरे, पण रात्रभर कूस बदलत राहिले. बायकोला सगळं सांगितल्यावर ती इतकी हसली की तिला उचकी लागली. "मी येते," ती डोळे पुसत म्हणाली. "तीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझं शहाणपण बघायला बोलावलंय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा मजला माणसांनी भरला. मालकीणबाई, त्यांची सगळी भावकी, साहेब आणि साहेबांच्या खात्यातले ते वीस वर्षं हसणारे चौघे. सगळे जण सामाईक भिंतीपासून चार पावलं अंतर राखून श्वास रोखून उभे. गवंडी हातोडा घेऊन तयार.

"सांगा," साहेब म्हणाले. आज त्यांना बोलता येत होतं. "दुसरी खिडकी कुठे आहे?"

ठेकेदारांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं.

"काय करू गं?" ते ओठ न हलवता पुटपुटले.

"कान लावा भिंतीला," ती पुटपुटली. "आणि तोंड गंभीर ठेवा. मी आहे ना."

ठेकेदार पुढे झाले, डोळे मिटले आणि दोन मजल्यांचं दडपण घेऊन त्यांनी भिंतीला कान लावला. आणि पलीकडून, शेजारच्या इमारतीतल्या शिवणक्लासातून, एक घाबरलेला आवाज अगदी स्वच्छ ऐकू आला.

"मुलींनो, उठा! मशिनी ओढा मागे सगळ्या! तो खिडकीवाला वर आलाय!"